वारूळ नैसर्गिक, मग चूल कृत्रिम कशी?

पाऊस नीट स्थिरावला की कोकणात आणि गोव्यात जाणती माणसं वारुळांवर नजर ठेवून असतात. एखाद्या दमट सकाळी वारुळाच्या आजूबाजूला पांढऱ्या छत्र्या उगवलेल्या दिसतात. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी. ज्याला जागा ठाऊक असते तो ती सहसा कुणाला सांगत नाही, आणि बाजारात आली तर भाव चढाच असतो.

ही अळंबी म्हणजे वाळवीची शेती आहे. कामकरी वाळवी सुकी पानं, काटक्या, लाकूड खाऊन येते, अर्धवट पचलेला माल विष्ठेवाटे बाहेर टाकते, त्याचे स्पंजासारखे सच्छिद्र गड्डे रचते आणि त्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढवते. लाकडातला जो चिवट भाग वाळवीला झेपत नाही तो बुरशी फोडते. मग वाळवी ती बुरशी आणि तिने मऊ केलेला गड्डा, दोन्ही खाते. वारुळाच्या आत या पिकाला लागणारी ऊब आणि ओल सांभाळली जाते. हा उद्योग सुमारे ३ कोटी वर्षं चालू आहे. एवढ्या काळात ही वाळवी आणि ही बुरशी एकमेकींत इतक्या गुंतल्या, की एकीचं दुसरीवाचून चालत नाही.

या वाळवीची उत्क्रांती नैसर्गिक की कृत्रिम? असं कुणी विचारलं तर आपण चमकून बघू. नैसर्गिकच की! किड्यांनी केलेल्या शेतीला कृत्रिम कोण म्हणेल? पण माणसाने जमीन नांगरली, भात लावला, गाय पाळली, चूल पेटवली आणि त्या सगळ्यामुळे माणसाचं शरीर बदललं, असं म्हटलं की तेच उत्तर द्यायला जीभ अडखळते. त्यापुढे लस, चष्मा, सिझेरियन, इन्सुलिन इथपर्यंत आलो की बरेच जण ठामपणे सांगतात: ‘माणसाने आता निसर्गाचा खेळ बिघडवला आहे, आपली उत्क्रांती कृत्रिम झाली आहे.’ काही जण त्याहून पुढे जाऊन ती थांबलीच आहे असं सांगतात. मला ही दोन्ही विधानं चुकीची वाटतात. त्यातलं पहिलं तर घातकही आहे. त्याचं कारण पुढे येईल.

आधी उत्क्रांती म्हणजे काय ते पक्कं करू. एका गावात हजार माणसं आहेत आणि त्यातल्या शंभर जणांकडे एखाद्या जनुकाचं विशिष्ट रूप आहे. काही पिढ्यांनी त्याच गावात ते रूप हजारातल्या दोनशे जणांकडे सापडलं, तर तिथे उत्क्रांती झाली. व्याख्या एवढीच. त्यात प्रगती नाही, अधोगती नाही, कुणी वर चढलं नाही की खाली घसरलं नाही. आणि एकटा माणूस कधी उत्क्रांत होत नाही, पिढ्यांमधलं जनुकांचं प्रमाण बदलतं. हे प्रमाण बदलण्याची कारणं अनेक आहेत. कधी निव्वळ योगायोगाने बदलतं, कधी बाहेरगावची माणसं येऊन वसली म्हणून बदलतं, आणि कधी ते रूप असलेल्यांची मुलं जास्त जगली म्हणून बदलतं. शेवटच्या प्रकाराला नैसर्गिक निवड म्हणतात.

मग कृत्रिम निवड कशाला म्हणायचं? डार्विनने १८५९ साली आपला सिद्धांत पुस्तकात मांडला तेव्हा सुरुवात निसर्गापासून केलीच नाही. पहिल्या प्रकरणात तो पाळीव जनावरांबद्दल बोलतो, आणि त्यात सर्वांत जास्त कबुतरांबद्दल. आपण आपल्याकडचं उदाहरण घेऊ. माणदेशात खिल्लार जनावरं पाळणारा शेतकरी गाय फळवायला नेताना वळू पारखून घेतो. शिंगांचा डौल, पाठीची ठेवण, पायांची चाल, खूर. कुठला वळू चालेल हे त्याच्या मनात पक्कं असतं. बाकीचे गोऱ्हे खच्ची होऊन नांगराला जातात आणि त्यांचा वंश तिथेच थांबतो. सोलापूरकडची मालदांडी ज्वारीही अशीच पिढ्यान् पिढ्या कणसं निवडून बियाण्याला ठेवल्यामुळे घडली.

इथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. निवडणारा कुणीतरी आहे, आणि पुढची पिढी कशी व्हावी याचं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आहे. जीवशास्त्रात ‘कृत्रिम’ या शब्दाचा अर्थ हा. वस्तू हाताने बनवलेली आहे की आपोआप उगवली, याच्याशी त्याचा संबंध नाही. जाता जाता सांगतो, हापूसच्या कलमात तर मुळात निवड पुढे सरकतच नाही. कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. आंबा कितीही लोकांनी लावला तरी झाड एका अर्थाने तेच.

डार्विनने या दोहोंमध्ये एक तिसरा प्रकारही ओळखला होता, आणि आपल्या विषयासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याने त्याला अजाणता झालेली निवड म्हटलं. जंगली भाताचा किंवा गव्हाचा दाणा पिकला की गळून जमिनीवर पडतो, वनस्पतीच्या दृष्टीने तेच बरं. हजारो वर्षांपूर्वी माणसं असं धान्य कापून घरी आणू लागली, तेव्हा घरी काय येत होतं? ज्या लोंब्यांतले दाणे गळले नव्हते, त्याच. पुढच्या वर्षी पेरणी त्यातूनच. हळूहळू, दोन-तीन हजार वर्षांत शेतात न गळणाऱ्या दाण्यांचंच पीक उभं राहिलं. हे कुणी ठरवलं नव्हतं. विळा चालवणाऱ्या बाईच्या मनात घरी चार दाणे जास्त यावेत एवढंच असणार. मग ही निवड माणसाने केली की निसर्गाने? दोघांनी मिळून म्हणणंच खरं. हत्यार माणसाचं होतं, हेतू मात्र कुणाचाच नव्हता.

आता हाच विळा उलटा फिरवून स्वतःकडे धरू, कारण माणसाच्या बाबतीत नेमकं तेच घडलं आहे.

दुधाचं बघा. सस्तन प्राण्यांच्या पिलांना आईच्या दुधातली साखर पचवायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. दूध तुटलं की हळूहळू ते बनणं बंद होतं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांचं आजही असंच आहे. माझ्या आजोबांना पेलाभर दूध प्यायलं की पोटात गुबारा धरायचा, ताक मात्र ते तांब्याने प्यायचे. घरात सगळे याला ‘प्रकृती’ म्हणत. खरं कारण असं, की दही लागताना जिवाणू दुधातली बरीच साखर खाऊन टाकतात. लोण्याचं तूप केलं तर ती जवळपास उरतच नाही. दही, ताक, तूप, चीज ही सगळी तंत्रज्ञानं आहेत. ज्यांचं शरीर दूध घेत नव्हतं त्यांनी ती शोधून अडचण शरीराबाहेरच सोडवली.

तरीही काही ठिकाणी शरीर बदललं. युरोपात लॅक्टेजच्या जनुकाजवळच्या डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकामुळे ते विकर आयुष्यभर बनत राहतं. भारतातही बहुतांशी हाच फरक सापडतो. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जावं तसं कमी. निलगिरीतल्या म्हशी पाळणाऱ्या तोडा लोकांमध्ये मात्र पुन्हा भरपूर. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांमध्ये वेगळ्याच अक्षरांच्या बदलांनी तोच परिणाम साधला, आणि अरबस्तानात आणखी एका. म्हणजे गाय, म्हैस, उंट पाळण्याच्या कलेने जगात निरनिराळ्या ठिकाणी, स्वतंत्रपणे, माणसाच्या जनुकांवर छाप उमटवली.

यात एक मोठी गंमत २०२२ मध्ये पुढे आली. संशोधकांनी युरोपातल्या प्राचीन खापरांत मुरलेल्या दुधाच्या स्निग्धांशाचा मागोवा घेतला आणि जुन्या हाडांतल्या डीएनएशी तो ताडून पाहिला. तिथली माणसं हे जनुक पसरण्याच्या हजारो वर्षं आधीपासून दूध वापरत होती. मग ते पसरलं केव्हा? त्यांचा अंदाज असा, की दुष्काळात आणि साथींत. पोट भरलेल्या माणसाला दुधाने जुलाब झाले तर एक दिवस वाया जातो. उपाशी, आजारी माणसाला झाले तर तो दगावतो. निवड करणारा दुष्काळ होता. गोठा बांधणाऱ्याच्या मनात नातवंडांची जनुकं नव्हती.

चुलीची गोष्ट याहून कितीतरी जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या आगीच्या खुणा सापडल्या आहेत. त्याच्याही आधीपासून आपल्या पूर्वजांचे दात आणि जबडे लहान होत गेलेले दिसतात. रिचर्ड रँगम या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की शिजवलेल्या अन्नानेच आपल्याला लहान दात, आखूड आतडं आणि मोठा मेंदू परवडला. शिजवणं नेमकं केव्हा सुरू झालं यावर वाद आहे, पण शिजवलेल्या अन्नातून जास्त ऊर्जा मिळते यावर नाही. निव्वळ कच्च्या अन्नावर माणसाला दीर्घकाळ धड राहता येत नाही. वाळवीने पचनाचं काम बुरशीकडे सोपवलं, आपण विस्तवाकडे. चूल ही आपल्या शरीराबाहेर ठेवलेल्या पोटासारखी आहे, आणि आपण आहोत असे झालो ते तिच्या सोबतीने. चुलीच्या आधीचा ‘नैसर्गिक माणूस’ शोधायला गेलो तर तो आपल्यासारखा दिसणारच नाही.

इथे एक सावधगिरी हवी. तंत्रज्ञानाने शरीरात झालेला प्रत्येक बदल म्हणजे उत्क्रांती नव्हे. अक्कलदाढेला जागा न उरण्यामागे बरंचसं कारण लहानपणापासूनचं मऊ अन्न हे आहे. चावायला कमी लागलं की जबडा वाढीच्या वयातच कमी वाढतो. चष्म्याचंही तसंच. गेल्या दोन पिढ्यांत आशियातल्या शहरांत लांबचं धूसर दिसणारी मुलं झपाट्याने वाढली. जनुकं इतक्या वेगाने बदलूच शकत नाहीत. चीनमधल्या ग्वांगजू शहरात शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटं जादा उघड्यावर नेलं, तर तीन वर्षांत नव्याने चष्मा लागणाऱ्यांचं प्रमाण घटलं. प्रश्न उजेडाचा होता, वंशाचा नव्हता.

आता महाराष्ट्राच्या अगदी जवळचा विषय. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, आणि इकडे नंदुरबार. या पट्ट्यात सिकलसेल हा शब्द घराघरात माहीत आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक. आई-वडिलांपैकी एकाकडूनच ती आली तर माणूस वाहक, गावाकडे म्हणतात ‘एएस पॅटर्न’. दोघांकडून आली तर ‘एसएस’: तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, अडकतात, अंग मोडून टाकणाऱ्या वेदना होतात. एवढं घातक जनुक टिकलं कसं? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की वाहकाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे मलेरिया फार, तिथे हे जनुक रेंगाळतं.

आणि मलेरिया फार का झाला? १९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी पश्चिम आफ्रिकेबद्दल उत्तर सुचवलं: शेतीमुळे. घनदाट जंगल तोडून कोनफळाच्या जातीचे कंद लावले, जमिनीवर ऊन पोचलं, डबकी साचली, डासांना हवी तशी जागा मिळाली, आणि एकाच जागी वस्ती करून राहणारी माणसंही मिळाली. कुऱ्हाड, मग डबकं, मग डास, मग ताप, मग जनुक. साखळीच्या पहिल्या टोकाला तंत्रज्ञान आहे, शेवटच्या टोकाला रक्तातला बदल. मधल्या एकाही कडीवर कुणी निवड करायला बसलेलं नाही. ही उत्क्रांती पूर्णपणे नैसर्गिक आहे आणि ती माणसाच्या हातून सुरू झाली आहे. या दोन वाक्यांत विरोध वाटत असेल, तर दोष ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘माणसाचा हात न लागलेलं’ या आपल्या समजुतीचा आहे.

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं असं मला वाटतं. प्रकृती, संस्कृती आणि कृत्रिम, तिन्ही शब्द एकाच ‘कृ’ धातूचे, म्हणजे करण्याचे.

सिकलसेलच्या रक्ततपासणीकडेही नीट पाहायला हवं, कारण तिथे पहिल्यांदा कुणीतरी निवड करतंय असं दिसतं. तपासणी होते, समुपदेशन होतं, दोन वाहकांनी आपसांत लग्न करण्याआधी विचार करावा असं सांगितलं जातं. मग ही कृत्रिम निवड झाली का? जनुकाच्या हिशोबाने पाहिलं तर उलटच घडतं. पूर्वी एसएस मुलं लहानपणीच जात, आणि प्रत्येकासोबत त्या जनुकाच्या दोन प्रती नाहीशा होत. आता वाहकाचं लग्न वाहक नसलेल्याशी झालं तर एसएस मूल जन्मत नाही, सरासरीने निम्मी मुलं वाहक निघतात, आणि जनुक समाजात जास्त काळ टिकतं. हे अपयश नाही. तपासणी सुरू केली ती मुलांच्या वेदना टाळायला, जनुकाचा नायनाट करायला नव्हे. घरात एक रडणारं मूल कमी होणं हीच तिची किंमत आहे. वंशाची शुद्धी आणि माणसाची शुश्रूषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून लख्ख दिसावं.

आता ‘उत्क्रांती थांबली’ या विधानाकडे येतो. त्यात थोडं तथ्य आहे. पूर्वी जन्मलेल्या मुलांपैकी फार मोठा हिस्सा मोठा होण्याआधीच जात असे, आणि ताप, अतिसार, देवी यांची चाळण सतत हलत असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतात पाच वर्षांखालच्या मृत्यूंचं प्रमाण हजारी सुमारे ४२ आलं. हे अजूनही जास्तच आहे, पण चाळणीची भोकं खूपच मोठी झाली. तरी चाळण गेलेली नाही. कुणाला मुलं होतात, किती होतात, कोणत्या वयात होतात यांतही फरक असतात. त्या फरकांत जनुकांचा थोडा जरी वाटा असेल, तरी निवड चालू राहते.

सिझेरियनचं उदाहरण यात नेहमी दिलं जातं. त्याच सर्वेक्षणात देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गणिती मांडणी केली, की शस्त्रक्रियेमुळे अरुंद कटी आणि मोठं बाळ या जोडीवरची निवड सैल झाली आहे, त्यामुळे अडणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण हजारी ३० वरून ३३ ते ३६ च्या घरात गेलं असावं. हे गणितातून आलेलं अनुमान आहे, प्रत्यक्ष मोजणी नाही. वर्तमानपत्रांत मात्र ‘सिझेरियनमुळे माणूस बदलला’ असंच छापून आलं. आणि अनुमान खरं धरलं तरी काय? हजारात तीन ते सहा बाळंतपणं जास्त अडतील, आणि ती सोडवायला शस्त्रक्रिया हाताशी असेल. त्याच्या दुसऱ्या पारड्यात आज जिवंत असलेल्या आया आणि त्यांची मुलं आहेत.

याचसाठी मला ‘कृत्रिम उत्क्रांती’ हा शब्द सैलपणे वापरलेला खुपतो. त्याच्यामागोमाग पुढचं वाक्य येतंच: ‘दुबळी माणसं आता जगतात, वंश बिघडतो.’ चष्मा लावणारे, इन्सुलिन घेणारे, सिझेरियनने जन्मलेले, सगळे त्यात आले. पण दुबळेपणा हा परिस्थितीशिवाय ठरतच नाही. ज्या जगात इन्सुलिन मिळतं त्या जगात इन्सुलिन घेणारी मुलगी दुबळी नाही. तशी दूध न पचणारी व्यक्ती ताकाच्या घरात दुबळी नाही. आणि निसर्गाची चाळण लायकी बघून चाळते असं मानणाऱ्यांनी १८९७ साल आठवावं. १० जानेवारीला हाफकिनने मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. त्या चाळणीला काय कळत होतं?

खरी कृत्रिम निवड माणसांवर लादण्याचा प्रयत्न इतिहासात झाला आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला, म्हणजे निवडक माणसांनाच मुलं होऊ देऊन वंश ‘सुधारण्याची’ कल्पना. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, १९३३ मध्ये नाझी जर्मनीने. कुणाला मुलं व्हावीत आणि कुणाला होऊ नयेत, हे सरकार ठरवू लागलं. वळू पारखणाऱ्याच्या जागी अधिकारी बसला. कृत्रिम हा शब्द इथे शोभतो, आणि लसीला तो लावला की या गुन्ह्याचं वेगळेपण पुसलं जातं.

आज तो शब्द पुन्हा लागू पडेल अशी जागा प्रयोगशाळेत आहे, पण तिथेही जपून बोलावं लागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेलसाठी कॅसजेव्ही या जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी काढून, त्यांत बदल करून, परत शरीरात सोडतात. बदल रक्तापुरता राहतो. रुग्णाच्या बीजपेशींना तो शिवत नाही, त्यामुळे त्याच्या मुलांकडे जुनं जनुकच जातं. औषध म्हणून हे विलक्षण आहे. उत्क्रांतीच्या वहीत मात्र त्याची नोंद होत नाही.

गर्भातच बदल केला तर होते. चीनमधल्या ‘हे जियानकुई’ नावाच्या संशोधकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं, की एचआयव्हीचा शिरकाव होऊ नये म्हणून त्याने गर्भाच्या अवस्थेतच सीसीआर५ हे जनुक मोडलं आणि जुळ्या मुली जन्मल्या. जगभरातून निषेध झाला, २०१९ च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची कैद झाली. इथे निवडणारा आहे, पुढच्या पिढीचं चित्र आहे, आणि बदल वंशात जाऊ शकतो. कृत्रिम म्हणावं असं हे सगळं आहे, आणि त्या मुलींना कुणी विचारलेलं नाही. पण पुढचं त्याच्या हातात नाही. ते जनुक मोडलेल्या माणसांना वेस्ट नाइल विषाणूचा आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. त्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना मुलं झाली, आणि त्यांच्याकडे हा बदल गेला, तर तो टिकेल की विरेल हे जिथे ती राहतील तिथलं पाणी, तिथली गटारं आणि तिथले डास ठरवतील. वेस्ट नाइलही डासच पसरवतात.